शाळेचं छप्पर कुणाचं?

परीक्षेत कधीच न येणारा एक प्रश्न आज तुम्हाला विचारते. तुमच्या वर्गाचं छप्पर गळायला लागलं, तर ते दुरुस्त करायचे पैसे कोण देतं?

"सरकार!" असं तुम्ही एका सुरात म्हणाल. बरोबर, पण अर्धे गुण!

समग्र शिक्षा या योजनेच्या नियमाप्रमाणे सरकारी शाळेला दरवर्षी अनुदान मिळतं. ते पटावर ठरतं. शाळेत ३१ ते १०० मुलं असली तर २५ हजार रुपये. त्यात वीजबिल, साहित्य, साफसफाई आणि किरकोळ दुरुस्ती. अख्खं छप्पर बदलायचं तर जिल्हा परिषदेकडे वेगळा प्रस्ताव पाठवावा लागतो. कागद या टेबलावरून त्या टेबलावर जातो आणि पाऊस काही मंजुरीची वाट बघत थांबत नाही.

मग गाव पुढे येतं. याला म्हणतात लोकवर्गणी. ती पैशाचीच असते असं नाही हं. कुणी वाळूची एक खेप टाकतं, गवंडीकाका दोन दिवसांची मजुरी सोडतात, तरुण मंडळी श्रमदानाला येतात.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, तेव्हा ते खेड्यापाड्यांत फिरून मूठभर धान्य मागत. घरच्या बाईनं दळणाच्या वेळी एक मूठ बाजूला काढायची. ते धान्य वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी होतं, भिंतींसाठी नव्हे. पण ज्या घरातून मूठ गेली, त्या घराला ती शाळा आपली वाटू लागली.

आता एक अवघड गोष्ट. "माझा मुलगा तर तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. मी का देऊ?" असं मी एका ग्रामसभेत ऐकलंय. सगळे गप्प बसले होते. तेवढ्यात मागून एक आजी म्हणाल्या, "गावाच्या विहिरीचा गाळ काढताना कोण किती पाणी पितं ते विचारलं होतं का रे?" सभा हसली, आणि वही पुढे सरकली.

पण हेही सांगते, वर्गणी ही सक्तीची कधीच नसावी. दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबाबांकडे काय मागायचं? बागायती गावाची शाळा रंगीत होते आणि वाडीवरची गळतच राहते, हे मला पटत नाही. शिक्षण हक्क कायदा (२००९) सांगतो, की दर शिक्षकामागे एक खोली हवी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं हवीत, पिण्याचं पाणी हवं. हे कायद्यातलं आहे. म्हणजे ही सरकारची जबाबदारी, कुणाची मेहरबानी नव्हे! गावानं हात लावला म्हणून सरकारनं हात काढून घ्यायचा नाही.

हे मागायचं कुठं? याच कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात पाऊण सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. शाळेला काय हवं त्याचा आराखडा हीच समिती करते. तुमच्या शेजारच्या काकूसुद्धा तिच्यात असतील, विचारून बघा.

आणि तुम्ही? मोठ्यांना जे दिसत नाही ते तुम्हाला रोज दिसतं. मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी आहे का? नसेल तर मोठ्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत. काही जणी शाळेलाच येत नाहीत. हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

तेव्हा या आठवड्यात दोघादोघांनी वही घेऊन शाळेभोवती एक फेरी मारा. किती खिडक्यांची दारं तुटलीत, कुठल्या बाकावर पाणी ठिबकतं, किती नळ चालू आहेत, कडी कुठं नाही, सगळं मोजा. "शाळा खराब आहे" असं लिहू नका, आकडे लिहा. खाली तारीख घाला आणि ते पान समितीच्या अध्यक्षांना नेऊन द्या. एक प्रत स्वतःजवळ ठेवायला विसरू नका. पुढच्या ग्रामसभेत ती लागेल.