विश्लेषण : घरच्या गोल्फ सिम्युलेटरसाठी कॉम्प्युटर कोणता घ्यावा? आणि तो नेमका आताच महाग का झाला?

छावणीशी संबंध नसलेल्या नगरकराला गोल्फ खेळायचा तर पुण्याचा रस्ता धरावा लागतो. येरवड्यातील पूना क्लबचा गोल्फ कोर्स सुमारे १२० किलोमीटरवर, आणि तिथेही सदस्यत्वाचा प्रश्न आहेच. त्यामुळे गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये जाळी लावायची, समोर पडदा टांगायचा आणि कॉम्प्युटरवर गोल्फ खेळायचा, हा विचार आता अहिल्यानगरसारख्या शहरातही अगदीच अजब राहिलेला नाही. दक्षिण कोरियात 'स्क्रीन गोल्फ' हा मोठा धंदा आहे. टायगर वुड्स आणि रोरी मॅकलरॉय यांनी जानेवारी २०२५ मध्ये सुरू केलेल्या टीजीएल लीगमध्ये तर व्यावसायिक खेळाडू ६४ फूट रुंद पडद्यावर चेंडू मारतात.

घरी हेच करायचे तर सर्वांत जास्त गोंधळ कॉम्प्युटरवरून होतो. त्यात गेल्या काही महिन्यांत दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या. 'विंडोज १०'चा आधार संपला आणि रॅम महागली. गोल्फ नको, पण मुलाला डिप्लोमासाठी कॅड चालणारा कॉम्प्युटर हवा, असे म्हणणाऱ्या घरालाही पुढचा बराचसा हिशेब तसाच लागू पडतो.

कॉम्प्युटरचे काम नेमके काय?

चेंडूचा वेग, उडण्याचा कोन आणि फिरकी मोजण्याचे काम 'लाँच मॉनिटर' नावाचे वेगळे यंत्र करते. ते रडारवर चालते किंवा कॅमेऱ्यावर. चेंडू कुठे पडेल हे गणित कॉम्प्युटरला किरकोळ आहे. खरे ओझे चित्राचे. झाडे, गवत, पाणी, सावल्या हे सगळे सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने रंगवायचे असते आणि ते काम ग्राफिक्स कार्ड करते. म्हणून दुकानदार 'आय सेव्हन घ्या, आय नाइन घ्या' म्हणू लागला, तर त्याला थांबवून आधी ग्राफिक्स कार्ड कोणते ते विचारावे. सहा कोअरचा अलीकडचा आय फाइव्ह किंवा रायझन फाइव्ह प्रोसेसर या कामाला पुरतो. वाचलेले पैसे कार्डावर घालावेत.

कॉम्प्युटर लागतोच का?

नेहमीच नाही. गार्मिनचे 'अप्रोच आर १०' हे छोटे यंत्र २०२१ मध्ये सुमारे ६०० डॉलरला बाजारात आले. ते ब्लूटूथने थेट फोनला जोडले जाते. 'ऑसम गोल्फ' किंवा 'ई ६ कनेक्ट' आयपॅडवरही चालतात. महिन्यातून दोनदा खेळणार असाल तर कॉम्प्युटरचा विचार इथेच सोडून द्यावा. प्रश्न येतो तो 'जीएसप्रो'चा. हौशी मंडळींमध्ये सध्या याचे नाव सर्वाधिक ऐकू येते, पण ते फक्त विंडोजवर चालते. मॅकबुक घरात असेल तर ती इथे कामाची नाही. शिवाय वर्षाची वर्गणी २५० डॉलर, म्हणजे वीस हजार रुपयांच्या वर. कॉम्प्युटरचा खर्च एकदाच, हा खर्च दरवर्षी.

ग्राफिक्स कार्ड किती ताकदीचे?

हे कार्डावरून ठरत नाही, प्रोजेक्टरवरून ठरते. फुल एचडी चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात, फोर-के चित्रात ८२ लाख ९४ हजार. बरोबर चौपट. फुल एचडी प्रोजेक्टर असेल तर एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० किंवा त्याआधीच्या पिढीतले ४०६० या पातळीचे, ८ जीबी मेमरीचे कार्ड ठीक आहे. फोर-के हवे असेल तर ५०७० च्या खाली उतरू नये. मधले ५०६० टीआय हे कार्ड ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळते आणि खोक्यावरचे नाव मात्र एकच असते. बिलावर जीबीचा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आणखी एक फसगत म्हणजे १४४ किंवा २४० हर्ट्झच्या 'गेमिंग' जाहिराती. गोल्फमध्ये कोणी तुमच्यावर गोळ्या झाडत नाही. ६० पुष्कळ झाले.

लॅपटॉपवर तेच नाव दिसले तरी ते तेच कार्ड नसते. ५०६० डेस्कटॉपवर १४५ वॅट वीज घेते, तर लॅपटॉपमध्ये कंपनी ठरवेल त्याप्रमाणे ४५ ते १०० वॅट. जितकी वीज कमी, तितके काम कमी. शिवाय एप्रिल-मेमध्ये नगरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये लॅपटॉप तापून आपोआप मंदावणार. एकाच जागी राहणाऱ्या सेटअपसाठी डेस्कटॉपच बरा. त्याची धूळ साफ करता येते आणि भाग बदलता येतात.

रॅम महागली ती का?

रॅमच्या चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात तीनच : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणारी 'एचबीएम' ही खास मेमरीही याच तिघी बनवतात आणि त्यात नफा कितीतरी जास्त. कारखाने तेच, सिलिकॉनच्या चकत्या त्याच. त्या डेटा सेंटरकडे वळल्या की घरच्या कॉम्प्युटरसाठी माल कमी पडतो. २०२५ च्या उत्तरार्धात हेच झाले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने 'क्रुशल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच गुंडाळण्याची घोषणा केली, पुरवठा फेब्रुवारी २०२६ पर्यंत. आपल्याकडे जुने कॉम्प्युटर वेगवान करायचे म्हटले की पहिले नाव निघायचे ते याच ब्रँडचे.

'मग जुनी डीडीआर ४ घेऊ' हा तोडगाही फारसा चालत नाही. कंपन्या ती बनवणे आवरते घेत असल्याने तिचे भावही चढले. ग्राफिक्स कार्डावरची मेमरीही याच कंपन्यांकडून येते, हेही लक्षात ठेवायला हवे. मग करायचे काय? माझे मत असे की १६ जीबीवर थांबावे. गोल्फच्या सॉफ्टवेअरला ८ जीबी अपुरी, १६ पुरेशी आणि ३२ ही आजच्या भावात चैन आहे. मात्र १६ जीबी ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी. एकच पट्टी लावली की वेग घटतो. मदरबोर्ड चार खाचांचा घेतला तर भाव उतरल्यावर आणखी दोन पट्ट्या घालता येतील. घरात डीडीआर ४ च्या चांगल्या पट्ट्या पडून असतील तर त्या चालतील असाच मदरबोर्ड शोधणे शहाणपणाचे, कारण त्या डीडीआर ५ च्या खाचेत बसतच नाहीत.

जुना ऑफिसचा कॉम्प्युटर चालेल का?

सर्वांत जास्त पैसे इथे बुडण्याची शक्यता आहे, म्हणून थोडे सविस्तर. कंपन्यांमधून निघालेले डेल, एचपी, लेनोवोचे डबे 'रिफर्बिश्ड' म्हणून स्वस्तात मिळतात. पाटी असते 'आय फाइव्ह, १६ जीबी, एसएसडी'. यातला आय फाइव्ह कोणत्या पिढीचा, ते पाटीवर नसते. विंडोज ११ ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० लागते. सहाव्या-सातव्या पिढीच्या यंत्रावर ते अधिकृतपणे चढत नाही. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत घेतली तरी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. म्हणजे आज घेतलेला स्वस्त डबा लवकरच उघडा पडणार.

बरे, आठवी पिढी सापडली तरी दुसरी अडचण असते. हे डबे सडपातळ असतात. पूर्ण उंचीचे कार्ड आत बसत नाही आणि पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायरही नसते. उभा, रुंद टॉवर असेल तरच पुढे जावे. तिथेही पॉवर सप्लाय किती वॅटचा आणि बदलता येण्याजोगा आहे का, हे झाकण उघडून पाहावे. दुकानदार झाकण उघडू देत नसेल तर दुसरे दुकान गाठावे.

वीज, वायर आणि जागा

५०६० पातळीचा कॉम्प्युटर भर कामात सुमारे ३०० वॅट घेतो, प्रोजेक्टरही साधारण तितकेच. घरोघरी दिसणाऱ्या ६०० व्हीएच्या यूपीएसमधून प्रत्यक्षात सुमारे ३६० वॅटच मिळतात, म्हणजे दोघांना तो पुरणार नाही. कॉम्प्युटरला स्वतंत्र १००० व्हीए द्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर टाकायचे असेल तर तो 'यूपीएस मोड'वर आहे का ते पाहावे. नाहीतर वीज गेली की दिवे लगेच लागतात, पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो.

कॉम्प्युटर चेंडूच्या मार्गापासून दूर ठेवायचा म्हणजे एचडीएमआयची वायर लांबते. फोर-केसाठी दहा मीटरच्या पुढे तांब्याची साधी वायर दगा देते, तिथे ऑप्टिकल केबल लागते. आणि हे सगळे घेण्याआधी टेप घेऊन जागा मोजावी. 'आर १०' चेंडूच्या मागे ६ ते ८ फूट ठेवावे लागते आणि पुढे चेंडूला किमान ८ फूट उडू द्यावे लागते. छत दहा फुटांहून कमी असेल तर उंच माणसाचा ड्रायव्हर आधी पंख्याला लागेल.

खरेदीचा क्रम मी तरी असा ठेवीन : आधी यंत्र आणि जाळी, मग कॉम्प्युटर, शेवटी प्रोजेक्टर. तोपर्यंत कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडून काम भागते. टीव्हीही नवा घ्यायचा असेल तर ३२ इंचांवरच्या टीव्हीवरील आणि प्रोजेक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे. कॉम्प्युटरवर तो आधीही १८ टक्के होता, आताही तेवढाच आहे.