काचेला जाळी मारली आणि गाडी लावली होर्डिंगखाली

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय. काहींना राग येईल, येऊ द्या.

परवा गावातल्या एका पोराने पिकअपच्या पुढच्या काचेवर लोखंडी जाळी वेल्डिंग करून आणली. साडेसहा हजार घातले. कुठून सुचलं, तर मोबाईलवरून. अमेरिकेत टोर्नेडोच्या, म्हणजे जमिनीला टेकलेल्या महाभयंकर वावटळीच्या मागे गाड्या पळवणारे लोक आहेत. ते गारांपासून काच वाचवायला अशी जाळी लावतात. आता आभाळ भरलं की हा टोकावड्याच्या बाजूला व्हिडिओ काढायला जाणार, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी भेंडी घेऊन कल्याणच्या मार्केटला.

मी त्याला तोंडावर सांगितलं, पैसे पाण्यात गेले.

एक तर तिकडची गार क्रिकेटच्या चेंडूएवढी पडते. आपल्याकडे पडलीच तर वाटाण्याएवढी, फार तर बोराएवढी. मी पन्नाशी ओलांडली, मुरबाडात लिंबाएवढी गार अजून पाहिली नाही. (मराठवाडा-विदर्भातल्या मित्रांनी आपलं गणित वेगळं धरावं, २०१४ ची फेब्रुवारी-मार्चची गारपीट तुम्ही भोगली आहे.) दुसरं, रात्री समोरच्या गाडीचे दिवे त्या जाळीवर पडले की रस्ता दिसत नाही. रायत्याच्या पुलावर मला हे नको. बुल गार्डवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच कारवाई करायला सांगितलं आहे. असलं काही बाहेरून जोडलं की उद्या विमा कंपनीच्या हातात नाही म्हणायला कारण मिळतं.

आणि पाठलागाचं म्हणाल, तर टिम समारास हा माणूस आयुष्यभर टोर्नेडोचा अभ्यास करत होता. ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळ तो, त्याचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघेही गाडीसकट सापडले आणि गेले. एवढ्या जाणत्या माणसाला वाऱ्याचा अंदाज चुकला. आपण कोण?

आपल्याला मारतो तो उडालेला पत्रा, मोडलेली फांदी आणि होर्डिंग. १३ मे २०२४ आठवा. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. परवानगी चाळीस बाय चाळीस फुटांपर्यंतची, उभं केलं होतं एकशेवीस बाय एकशेवीस. कितीतरी लोक पावसापासून आडोसा म्हणून तिथे थांबले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याणच्या सहजानंद चौकात होर्डिंग कोसळून खालच्या गाड्या चेपल्या. कुठली जाळी हे अडवणार होती?

त्या १३ मे ला मी कल्याणहून रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. म्हारळ सोडलं आणि आभाळ मातीच्या रंगाचं झालं. तीन टेम्पो एका मोठ्या बोर्डाखाली थांबलेले. मी पुढे जाऊन मोकळ्यावर, वाऱ्याकडे तोंड करून गाडी लावली. एवढं बरोबर केलं. पण हौद्यातले रिकामे क्रेट बांधले नव्हते. दोन उडाले, एक मागच्या स्कूटरवर आदळला. पोरगा वाचला, हेडलाईट फुटला. बाराशे रुपये दिले आणि खाली मान घालून आलो. उडणारा कचरा नेहमी दुसऱ्याचाच असतो असं नाही, मंडळी.

तोंड वाऱ्याकडे का, तर पुढची काच दोन थरांची असते, मध्ये प्लास्टिकचा पडदा. तडा जाईल, पण सहसा अंगावर येत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचेचा एका फटक्यात भुगा होतो. शिवाय आडवा वारा रिकाम्या गाडीला लोळवतो. ताडपत्री ढिली असेल तर शिडासारखी फुगते. घट्ट बांधा, नाहीतर काढून घडी करून ठेवा. घरी गाडी उभी असेल तर आंब्याखाली नको. पेंढा भरलेली गोणपाटं बोनटवर आणि काचेवर टाकून दोरीने आवळा. खर्च शून्य.

आता साहेब लोकांना. दर मंगळवारी-शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो. काढलेला माल झाका, फवारणी थांबवा, जनावरं झाडाखाली बांधू नका, सगळं असतं. पण तो माल ज्या गाडीतून जातो तिचा हप्ता आम्हीच भरतो ना? तिच्याबद्दल एक ओळ नाही. अवकाळीचे ढग बहुतेक दुपारनंतर चढतात, म्हणून अलर्ट असेल त्या दिवशी गाडी बारापर्यंत परत आणा, एवढं लिहायला काय जातं? विजेसाठी दामिनी ॲप आम्हाला तुम्हीच शिकवलंत, चांगलं केलंत. तसंच हेही सांगा. आणि मार्केटच्या आजूबाजूला बोर्ड नाही, झाड नाही अशी गाड्या थांबवायला जागा मिळवून द्यायला जोर लावा. शेतकऱ्याने एकट्याने मागून मिळत नाही.

त्या पोराने जाळी अजून काढलेली नाही. काल त्याच्या घरी विम्याचा कागद बघितला, नुसता थर्ड पार्टी. म्हणजे गारा पडो की पत्रा, स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळणार नाही. वादळ, गारपीट, पूर हे सगळं पूर्ण विम्यात असतं. त्याच्या आईने विचारलं, साडेसहा हजारात तो विमा किती झाला असता? पोरगा मोबाईलमध्ये बघत बसला. तुमचा कागद कुठला आहे, आज रात्री काढून बघा आणि खाली लिहा.