खरूज अंगाला होते, अब्रूला नाही



वर्गातलं एखादं मूल बोटांच्या बेचक्यात सारखं खाजवू लागलं की आपण लगेच निदान करून मोकळे होतो. "रक्त खराब झालंय", "अंगात उष्णता आहे", नाहीतर "घरचे आंघोळ घालत नसतील." मग ते मूल मागच्या बाकावर एकटं बसतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले अनेक नामवंत डॉक्टरही असंच मानत. शरीरातले दूषित रस कातडीवाटे बाहेर पडतात, तीच खरूज! खरं तर खरजेच्या किड्याचं वर्णन इटलीत बोनोमो यांनी १६८७ सालीच केलं होतं. पण जुनी समजूत हटत नव्हती.

ती हटवायला फर्डिनांड हेब्रा पुढे आले. जन्म १८१६. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात त्वचारोगी म्हणजे दुर्लक्षित रुग्ण. हेब्रांनी तेच काम मनापासून केलं. त्यांनी खरजेचे किडे स्वतःच्या अंगावर सोडून पाहिले. १८४४ मध्ये त्यांनी ठामपणे मांडलं, की खरजेचं कारण हा किडाच आहे. तो बाहेरून मलम लावून मारला की रोग बरा होतो. १८४९ मध्ये ते प्राध्यापक झाले आणि व्हिएन्ना हे त्वचारोगशास्त्राचं मोठं केंद्र बनलं.

विज्ञानाच्या तासाला ही गोष्ट जरूर सांगा. पण माझं म्हणणं तेवढंच नाही. हेब्रांनी रोगाचं कारण शोधलं, तसा रोग्यावरचा ठपकाही पुसला. आपण तो पुन्हा का लावतो?

"पण बाकीच्या मुलांचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर वेगळा बाक नाही, उपचार हे आहे. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणून खाज नसली तरी घरातल्या सगळ्यांनी डॉक्टरांनी दिलेलं औषध एकाच वेळी लावायचं. कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुवायचं. एका अंथरुणात तीन-चार मुलं झोपतात तिथे खरूज लवकर पसरते. तो जागेचा प्रश्न आहे, संस्काराचा नव्हे.

तेव्हा पालकांना शाळेत बोलवाल तेव्हा बाजूला घेऊन, हळू आवाजात सांगा. वर्गासमोर नको. उपचार झाल्यावर डॉक्टर हो म्हणाले, की मुलाला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसवा.