मुरमांवर प्रतिजैविकांची गोळी : गरज किती, सवय किती?

प्रतिजैविकांच्या अतिवापराचा विषय निघाला की सर्दी-खोकल्यावर लिहून दिलेल्या गोळ्या, कोंबड्यांच्या खाद्यात मिसळली जाणारी औषधे आणि रुग्णालयांतील अतिदक्षता विभाग यांची चर्चा होते. चेहऱ्यावरचे मुरूम या यादीत सहसा नसतात. वास्तविक सर्दीसाठी चुकीने घेतलेली गोळी तीन-पाच दिवसांत संपते, तर मुरमांसाठी सुरू झालेली गोळी महिनोन्महिने चालते. अमेरिकेत डॉक्टरमागे सर्वाधिक प्रतिजैविके लिहून देणाऱ्यांत त्वचारोगतज्ज्ञांचा क्रमांक वरचा असतो, आणि त्याचे मोठे कारण मुरूम हेच आहे.

भारतात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये पत्र लिहून, प्रतिजैविक देताना त्याचे कारण चिठ्ठीवर नोंदवावे, असे डॉक्टरांना सांगितले. नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रतिजैविक-रोधाविरुद्धचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडाही जाहीर झाला. या पार्श्वभूमीवर, जिवाला धोका नसलेल्या आजारासाठी दीर्घकाळ घेतल्या जाणाऱ्या या गोळ्यांकडे नव्याने पाहणे आवश्यक ठरते.

मुरूम हा जंतुसंसर्ग आहे का?

पूर्णपणे नाही. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी जास्त तेल बनवू लागतात. त्याच वेळी केसाच्या मुळाशी असलेल्या छिद्रात मृत पेशी साचतात आणि तोंड बंद होते. आत अडकलेल्या तेलावर 'क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस' नावाचे जिवाणू वाढतात. हे जिवाणू बाहेरून आलेले नसतात. निरोगी त्वचेवरही त्यांचा मुक्काम असतोच. त्यांच्यामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा चेतवली जाते, दाह होतो आणि लाल, दुखरी, पू भरलेली पुटकुळी तयार होते. म्हणजे तेल, बंद झालेले छिद्र, जिवाणू आणि दाह अशी चार कारणे एकत्र येतात. प्रतिजैविक यांपैकी शेवटच्या दोनांवरच काम करते. तेल कमी करणे किंवा छिद्र मोकळे करणे हे त्याच्या आवाक्यातले नाही. गोळी बंद केल्यावर मुरूम पुन्हा डोके वर काढतात, त्याचे कारण हेच.

मग गोळ्यांनी फरक पडतो तो कसा?

टेट्रासायक्लीन गटातील औषधे १९५०च्या दशकापासून मुरमांसाठी वापरली जात आहेत. आज या गटातील डॉक्सिसायक्लीन सर्वाधिक प्रचलित आहे. मिनोसायक्लीन आणि लायमेसायक्लीनही दिली जातात. ही औषधे जिवाणूंची वाढ रोखतात आणि शिवाय थेट दाहही कमी करतात. त्यामुळे मध्यम ते तीव्र स्वरूपाच्या, लाल आणि दुखऱ्या मुरमांमध्ये काही आठवड्यांत चांगला फरक दिसतो. नुसत्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांवर मात्र त्यांचा फारसा उपयोग नाही, कारण तिथे दाहच नसतो.

गोळी म्हटली की ती मलमापेक्षा जोरकस असणार, हा समज मात्र तपासून पाहावा लागतो. 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत सौम्य ते मध्यम मुरूम असलेल्या ६४९ जणांवर १८ आठवडे पाच वेगवेगळे उपचार झाले. त्यात बेंझॉईल पेरॉक्साइड हे स्वस्तातले मलम ऑक्सिटेट्रासायक्लीन आणि मिनोसायक्लीनच्या गोळ्यांच्या तोडीस तोड ठरले. ज्यांच्या त्वचेवर या औषधांना दाद न देणारे जिवाणू आधीपासून होते, त्यांच्यात गोळ्यांचा परिणाम घटला. मलमाचा घटला नाही.

प्रतिरोध तयार होतो तो कुठे?

याचे सर्वांत जुने पुरावे खुद्द मुरमांच्या जिवाणूतच सापडले. १९७०च्या दशकाअखेरीस त्याच्या प्रतिरोधक जातींची पहिली नोंद झाली. ब्रिटनमधील लीड्स येथे चार हजारांहून अधिक रुग्णांच्या त्वचेचे नमुने दहा वर्षे तपासले गेले. किमान एका प्रचलित औषधाला दाद न देणारे जिवाणू बाळगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण १९९१ मध्ये ३४.५ टक्के होते; ते १९९७ मध्ये ६४ टक्क्यांवर पोहोचले.

तरीही मुरमांचा जिवाणू सहसा प्राणघातक नसतो. त्यामुळे खरी चिंता त्याच्या शेजाऱ्यांची आहे. पोटात गेलेली गोळी चेहऱ्यापुरती राहत नाही. आतडी, घसा, नाक, संपूर्ण त्वचा इथल्या अब्जावधी जिवाणूंपर्यंत ती पोहोचते. त्यांतले संवेदनशील जिवाणू मरतात, तगून राहिलेले वाढतात आणि प्रतिरोधाची जनुके दुसऱ्या जातींनाही देऊ शकतात. अमेरिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मुरमांसाठी प्रतिजैविके वापरणाऱ्यांचे घसे तपासले. घसादुखीस कारणीभूत ठरणारा 'स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनस' त्यांच्यापैकी ३३ टक्के जणांत सापडला. औषध न घेणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्के होते. सापडलेल्या जिवाणूंपैकी टेट्रासायक्लीनला दाद न देणारे अनुक्रमे ८५ आणि २० टक्के होते. ब्रिटनमधील मोठ्या नोंदवहीवर आधारित २००५च्या अभ्यासात, मुरमांसाठी प्रतिजैविके घेणाऱ्यांना श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे आजार होण्याची शक्यता दुपटीहून अधिक दिसली. असे अभ्यास कार्यकारणभाव पक्का सिद्ध करत नाहीत. मात्र दोन्हींचा रोख एकाच दिशेने आहे.

नियम काय सांगतात?

ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने जून २०२१ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. मुरमांसाठी प्रतिजैविकाची गोळी एकटी देऊ नये. तिच्यासोबत अ‍ॅडापलीन-बेंझॉईल पेरॉक्साइड किंवा अ‍ॅझेलेइक आम्लाचे मलम असावे. प्रतिजैविकाची गोळी आणि प्रतिजैविकाचे मलम एकत्र वापरू नये. १२ आठवड्यांनी फेरतपासणी व्हावी आणि सहा महिन्यांपलीकडे उपचार केवळ अपवाद म्हणून चालावेत. अमेरिकी त्वचारोग अकादमीच्या २०२४च्या सूचनाही याच वाटेने जातात. गोळी शक्य तितका कमी काळ द्यावी, सोबत बेंझॉईल पेरॉक्साइड असावे, आणि अ‍ॅझिथ्रोमायसीनपेक्षा डॉक्सिसायक्लीनला पसंती द्यावी, असे त्या सांगतात.

बेंझॉईल पेरॉक्साइडवर एवढा भर का? ते जिवाणूंना ऑक्सिडीकरणाने मारते. या माऱ्याला प्रतिरोध तयार झाल्याचे आजवर आढळलेले नाही. गोळीतून वाचलेला प्रतिरोधक जिवाणूही या मलमापुढे टिकत नाही.

भारतात प्रश्न अधिक बिकट का?

पहिले कारण अ‍ॅझिथ्रोमायसीन. भारताच्या खासगी औषध बाजारात २०१९ मध्ये सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक म्हणजे या औषधाची ५०० मिलिग्रॅमची गोळी होती. मुरमांसाठीही ते आठवड्यातून तीन दिवस, असे काही महिने देण्याची पद्धत आपल्याकडे रुळली आहे. विषमज्वराच्या जिवाणूने आधीची बरीच औषधे निकामी केल्यामुळे तोंडावाटे देता येणाऱ्या मोजक्या भरवशाच्या औषधांत अ‍ॅझिथ्रोमायसीन येते. पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या महाप्रतिरोधक विषमज्वरात तर गोळीच्या रूपात तेवढाच आधार उरला होता. असे औषध मुरमांवर महिनोन्महिने खर्ची घालणे परवडणारे नाही.

दुसरे कारण विक्रीची सैल पद्धत. डॉक्सिसायक्लीन आणि अ‍ॅझिथ्रोमायसीन चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत, असा कायदा आहे. परंतु १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' यादीतील औषधांसाठी दुकानदाराला वेगळी नोंदवही ठेवावी लागते, तशी सक्ती या दोन औषधांना नाही. परिणामी एकदा लिहून दिलेली चिठ्ठी वर्षभर दाखवली जाते किंवा रिकामे पाकीट दाखवून 'हीच द्या' म्हटले जाते. केरळने २०२४ मध्ये 'ऑपरेशन अमृत'द्वारे दुकानांची अचानक तपासणी सुरू केली. अंमलबजावणीची इच्छा असेल तर आहे तो कायदाही पुरतो, हे त्यातून दिसले.

तिसरे कारण स्टेरॉइडमिश्रित क्रीम. गोरेपणासाठी किंवा डागांसाठी मैत्रिणीने सुचवलेले, मेडिकलमधून सहज मिळालेले क्रीम लावून अनेकांना मुरूम येतात. मार्च २०१८ मध्ये सरकारने अशी क्रीम चिठ्ठीच्या यादीत टाकली, तरी वापर थांबलेला नाही. इथे रोगाचे मूळ क्रीममध्ये असते. त्यावर प्रतिजैविकाची गोळी देऊन भागत नाही.

महाराष्ट्राला डॉक्सिसायक्लीनची ओळख आणखी एका कारणाने आहे. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना लेप्टोस्पायरोसिस होऊ नये म्हणून मुंबई महापालिका वैद्यकीय सल्ल्याने हीच गोळी घ्यायला सांगते. स्क्रब टायफसवरही ती प्रभावी आहे. एकच औषध किती ठिकाणी उपयोगी पडते, हे यावरून कळावे.

गोळीला पर्याय कोणते?

सौम्य मुरमांसाठी अ‍ॅडापलीनसारखे रेटिनॉइड मलम आणि बेंझॉईल पेरॉक्साइड पुरेसे ठरते. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. सुरुवातीला त्वचा कोरडी होते, आग होते. नेमक्या याच टप्प्यावर अनेक जण उपचार सोडतात आणि 'काहीतरी जोरदार' मागतात. बेंझॉईल पेरॉक्साइड २.५ टक्के घेतले तरी भागते, जळजळही कमी होते. त्याने टॉवेल-उशीचा रंग उडतो, हे मात्र लक्षात ठेवावे. या मलमांत बेंझिन सापडल्याच्या बातम्यांनंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ९५ उत्पादने तपासली. मार्च २०२५च्या निष्कर्षांनुसार ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझिन नव्हते किंवा नगण्य होते. मलम उन्हात, गरम जागी ठेवू नये आणि मुदत उलटल्यावर वापरू नये, एवढी काळजी पुरेशी.

प्रौढ स्त्रियांमध्ये संप्रेरकांवर काम करणारे स्पायरोनोलॅक्टोन उपयोगी पडते. 'बीएमजे'मध्ये २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ४१० स्त्रियांवरील ब्रिटिश चाचणीने त्याला बळ दिले. मुरमांबरोबर पाळी अनियमित असेल, चेहऱ्यावर केस वाढत असतील तर आधी पीसीओएसची तपासणी हवी. तीव्र, गाठीचे आणि व्रण सोडणारे मुरूम असतील तर आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध आहे, कारण ते तैलग्रंथीच आकुंचित करते. गर्भात गंभीर व्यंग निर्माण करण्याचा धोका असल्याने ते घेताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा टाळणे अनिवार्य असते. टेट्रासायक्लीन गटाच्या गोळ्या त्यासोबत घेऊ नयेत. मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो.

मग गोळी घ्यायचीच नाही का?

तसे नाही. १२ ते २४ वयोगटातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कधी ना कधी मुरूम येतात. बहुतेकांचे ते जातात. काहींच्या चेहऱ्यावर खड्डे कायमचे राहतात. सावळ्या त्वचेवर काळे डाग महिनोन्महिने टिकतात. चेहरा लपवणारी, वर्गात मागे बसणारी, फोटो टाळणारी मुले घरोघर आहेत. 'वयाचा परिणाम, आपोआप जाईल' म्हणून त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे. दाह वेळीच आटोक्यात आणला तर व्रण टळतात, आणि त्यासाठी तीन महिन्यांचा डॉक्सिसायक्लीनचा कोर्स अगदी योग्य ठरू शकतो. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यावी, लगेच आडवे होऊ नये, उन्हापासून त्वचा जपावी. लोह किंवा आम्लपित्ताच्या औषधांसोबत घेऊ नये. गर्भवतींना आणि लहान मुलांना ती दिली जात नाही.

म्हणूनच रुग्णाने किंवा पालकांनी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. ही गोळी कधी थांबवायची? सोबत कोणते मलम आहे? गोळी थांबल्यावर पुढे काय लावायचे? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण मलम चालू राहिले तरच गोळीने मिळालेला फायदा टिकतो. चिठ्ठीवर कारण लिहिण्याबरोबर गोळी बंद करण्याची तारीख लिहिण्याचा आग्रह सरकारने आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनांनी धरला, तर या प्रश्नाचा मोठा भाग पैसा न खर्चता सुटेल.