विश्लेषण : खेळांतले राक्षस कसे घडतात? कोकणातील भुतांना त्यात जागा आहे का?

महाड तालुक्यातील बिरवाडीपासून पोलादपूरपर्यंतच्या पट्ट्यात मोबाइलवर खेळणाऱ्या मुलांना ड्रॅगन, ऑर्क, झॉम्बी हे शब्द पाठ असतात. गिऱ्हा, झोटिंग, जखीण हे शब्द मात्र आजी-आजोबांबरोबर मागे पडत चालले आहेत. २०२४ मध्ये कोकणातील भुतावर बेतलेल्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटाने शंभर कोटींच्या वर गल्ला जमवला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन आणि गेमिंगसह या क्षेत्रासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या धोरणाला मंजुरी दिली. त्यामुळे इथल्या खेळांत इथली भुते दिसणार का, हा प्रश्न आता केवळ हौसेचा उरलेला नाही.

खेळातल्या राक्षसांची यादी आली कुठून?

१९७४ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आणला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि फासे टाकून निकाल लागतो. गोष्टीत लढायला कोणीतरी हवेच, म्हणून १९७७ मध्ये ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ हा राक्षसांचा कोशच आला. आजच्या बहुतेक मोबाइल आणि संगणक खेळांतील राक्षसांची रचना याच परंपरेतून आली आहे. त्यातले काही राक्षस कुठल्याही पुराणातले नाहीत. घुबड आणि अस्वल यांचे मिश्रण असलेला ‘आउलबेअर’ आणि लोखंडाला गंज चढवणारा ‘रस्ट मॉन्स्टर’ यांची कल्पना हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांवरून सुचली होती.

राक्षस ‘डिझाइन’ करणे म्हणजे काय?

चित्र काढणे हा त्यातला शेवटचा भाग. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरे ठरवावी लागतात. तो कुठे राहतो? तो काय करतो? त्याला काय चालत नाही? आणि त्याच्यासमोर खेळाडूला कोणता निर्णय घ्यावा लागेल? ‘रस्ट मॉन्स्टर’ माणसाला सहसा मारत नाही, फक्त लोखंड खातो. त्यामुळे महागडे चिलखत घातलेला योद्धा त्याला सर्वाधिक घाबरतो आणि अंगावर लोखंड नसलेला निर्धास्त असतो. ताकद, चपळाई, किती वार सोसणार हे आकडे त्यानंतर येतात. आकडे मोठे पण नियम एकही नाही, असा राक्षस खेळाडू लवकर विसरतात.

नावे कशी ठरतात?

साधारण तीन मार्गांनी. पहिला, दोन ओळखीचे शब्द जोडायचे, जसे ‘आउलबेअर’. दुसरा, पुराणातून किंवा लोककथेतून नाव उचलायचे. तिसरा, दुसऱ्या लेखकाकडून घ्यायचे. हा तिसरा मार्ग लवकरच अंगाशी आला. टॉल्किन यांच्या कादंबऱ्यांचे हक्क असलेल्यांनी हरकत घेतल्यावर ‘हॉबिट’चे ‘हाफलिंग’ झाले आणि ‘एंट’चे ‘ट्रीअंट’. पुराणातून नाव घेताना आणखी एक बदल होतो. ग्रीक कथेत मेड्युसा ही एकच होती. खेळात तिची अख्खी जमात झाली.

भारतीय नावांचे तिथे काय झाले?

‘राक्षस’ या खेळात १९७५ मध्येच दाखल झाला, पण रामायणातून नव्हे. ‘कोलचॅक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या १९७४ मधील एका भागात राक्षस दाखवला होता. समोरच्याला ज्याच्यावर विश्वास आहे त्याचे रूप तो घेतो आणि मंत्रवलेल्या बाणाने मरतो, हे नियम त्या भागातले. खेळाने तेच घेतले. १९७७ च्या कोशातील चित्रात वाघाचे तोंड, अंगात झगा आणि हातात धूम्रपानाचा पाइप आला. आज जगभरातील लाखो खेळाडूंना ‘राक्षस’ म्हटले की वाघमुखी जीवच आठवतो.

वेताळाची गोष्टही तशीच. रिचर्ड बर्टन यांनी १८७० मध्ये विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेताना वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले. ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या लोकप्रिय खेळात वेताळ अजूनही ‘व्हॅम्पायर’च्याच गटात आहे. कोकणात मात्र वेताळ भुतांचा राजा आणि कित्येक गावांचा राखणदार. त्याला नारळ ठेवतात, त्याची शिकार करत नाहीत. नाव पोहोचले, पण त्यामागचे नाते वाटेत गळून पडले.

कोकणाचा असा कोश कधी झाला होता का?

हो, आणि तोही शंभर वर्षांपूर्वी. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुतींची माहिती गोळा केली होती. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांची हत्या केली. पुढे रेजिनाल्ड एन्थोव्हेन यांनी ते साहित्य संपादित केले आणि कोकणाचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील मास्तरांनी कळवलेली माहितीही आहे. मुंजा, समंध, देवचार, खवीस, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशी नावे त्यात एकामागोमाग येतात. प्रत्येकाचे मूळ, राहण्याची जागा आणि स्वभाव दिलेला आहे. मुंज झाल्यावर पण सोडमुंज होण्याआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. गिऱ्हा पाण्याकाठी असतो. खेळाचा कोश ज्या पद्धतीने लिहितात, तीच ही पद्धत.

बिरवाडीचा गिऱ्हा खेळात आणायचा तर?

जागा आधीच तयार आहे. बिरवाडी काळ नदीकाठी वसलेली आहे आणि ही नदी पुढे सावित्रीला मिळते. सावित्रीच्या पात्रात मगरी आहेत. जुलै २०२१ च्या महापुराने महाड परिसराचे काय केले, हे इथल्या लोकांना वेगळे सांगायला नको. अशा ठिकाणी ‘तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नको, गिऱ्हा ओढेल’ या वाक्यात भीतीइतकीच सूचनाही असते. खेळ रचणाऱ्याने गिऱ्ह्याला नुसती शिंगे आणि लाल डोळे दिले, तर तो जगातल्या कुठल्याही राक्षसासारखाच दिसेल. पण पाणी जसे चढेल तशी त्याची ताकद वाढते, काठावर तो दुबळा असतो आणि उतार कुठे आहे हे गावातल्या माणसालाच विचारावे लागते, असे नियम केले की तो फक्त इथलाच होतो. चकव्याचेही तसेच. तो अंगावर येत नाही, वाट चुकवतो. खेळाडू कितीही चालला तरी नकाशा त्याला त्याच वडापाशी आणून सोडेल. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ या खेळातून पुराणातले असुर जगभर नेले. गावची भुते अजून वाट पाहत आहेत.

मग अडचण कुठे आहे?

ती याच नावांत आहे. १९१५ च्या खंडातील यादी नीट वाचली तर भुतांची वर्गवारी बऱ्याच अंशी माणसांच्या वर्गवारीवरून केलेली दिसते. ब्राह्मणाचे भूत वेगळे, मुसलमानाचे वेगळे, ‘खालच्या’ मानलेल्या जातींचे वेगळे. बाईच्या बाबतीत तर सवाष्ण मेली की जखीण, विधवा मेली की लावसट आणि बाळंतपणात मेली की हडळ. बाळंतिणीचा जीव सहज जायचा त्या काळात दया वाटावी अशा बाईला समाजाने भीतीचे नाव दिले. खेळात हडळ आणली आणि तिला ठार केल्याबद्दल गुण दिले, तर हा निवाडाही सोबत येतो.

हा प्रश्न केवळ संवेदनशीलतेचा नाही. एखाद्या बाईला चेटकीण ठरवणे किंवा भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे यांसारख्या कृत्यांवर महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. त्यात सहा महिने ते सात वर्षे कैद आणि दंडाची तरतूद आहे. खेळात भूत दाखवणे हा गुन्हा नाही. पण ज्या राज्यात असा कायदा करावा लागला, तिथे भूत ही निव्वळ करमणूक झालेली नाही. परदेशातही असाच विचार सुरू आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने २०२४ च्या नियमपुस्तकात पात्रांसाठी ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ आणला. जन्मावरून अख्खी जमात दुष्ट ठरवण्यावर त्याआधी बराच वाद झाला होता.

नावांवर मालकी कोणाची?

लोककथेतले नाव कोणाच्या मालकीचे नसते. मेड्युसा, राक्षस, मुंजा ही नावे कोणीही वापरू शकतो. कंपनीने स्वतः घडवलेल्या राक्षसांचे मात्र तसे नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० मधील मुक्त परवान्यातून ‘बिहोल्डर’, ‘माइंड फ्लेयर’ ही नावे मुद्दाम वगळली होती. तो परवाना बदलण्याचा कंपनीचा बेत जानेवारी २०२३ मध्ये उघड झाला, तेव्हा खेळाडूंनी एवढा विरोध केला की कंपनीला माघार घेऊन मूळ नियम सर्वांसाठी खुले करावे लागले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की गिऱ्हा हे नाव बिरवाडीतल्या तरुणालाही मोफत आहे आणि अमेरिकेतल्या कंपनीलाही. पण तिन्हीसांजेला पाण्यात का उतरायचे नाही, हे अमेरिकेतल्या कंपनीला ठाऊक नाही. ते सांगणारी माणसे अजून गावात आहेत, तोवर त्यांच्याकडून नियम विचारून घेता येतील. त्यांच्या काळातला निवाडा घ्यायचा की नाही, हे मात्र नव्या पिढीने ठरवायचे आहे.