कण्याचा प्रश्न : डॉक्टर हाडांचा की मेंदूचा?

पाठदुखीने जेरीस आलेल्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांची उणीव कधीच भासत नाही. कुणी तेल सुचवितो, कुणी पट्टा, कुणी हाडे बसविणाऱ्याचा पत्ता देतो. मात्र एमआरआयचा अहवाल हाती पडतो आणि त्यात चकती सरकल्याचे वाचून सारे घर हादरते, तेव्हा एकच प्रश्न उरतो : आता हाडांच्या डॉक्टरकडे जायचे की मेंदूच्या? प्रश्न रास्त आहे. मणका हाडाचा आणि त्याच्या पोकळीतून जाणारा मज्जारज्जू मेंदूचा विस्तार. परंतु त्याचे उत्तर केवळ दवाखान्याच्या पाटीवरील पदवीत शोधू गेल्यास आपली दिशाभूल होते.

इतिहासाची साक्ष याबाबतीत बोलकी आहे. फुटलेली चकती मज्जातंतूवर दाब आणते आणि म्हणून पायात कळ जाते, हे वैद्यकविश्वाला पटवून देणारा निबंध १९३४ साली बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या जोडीने प्रसिद्ध केला. मिक्स्टर न्यूरोसर्जन, तर बार अस्थिशल्यविशारद. पुढे १९९४ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. अतुल गोयल आणि डॉ. लाहेरी यांनी मानेचे पहिले दोन मणके पट्टी व स्क्रूच्या साहाय्याने स्थिर करण्याची पद्धती मांडली. येथेही पहिले न्यूरोसर्जन आणि दुसरे अस्थिशल्यविशारद. आज त्या पद्धतीशी गोयल यांचे नाव जगभर जोडले जाते. कण्याच्या शल्यशास्त्राची प्रगती ही दोन्ही शाखांच्या सहकार्यातून झाली आहे.

काही दुखण्यांत निवड स्पष्ट असते. मज्जारज्जूत वा त्याच्या आवरणाच्या आत गाठ असेल, तर ते काम न्यूरोसर्जनचेच. वाढत्या वयातील मुलामुलींचा कणा बाकदार होत असेल, तर कण्याचे विशेष प्रशिक्षण घेतलेल्या अस्थिशल्यविशारदाकडे जावे. पण चकती सरकणे, वयोमानाने मज्जामार्ग अरुंद होणे, अपघातात मणका मोडणे, हे सर्वसामान्य विकार दोन्ही शाखांचे तज्ज्ञ सारख्याच कौशल्याने हाताळतात. तेथे पाहावयाचे ते इतकेच की, या व्यक्तीचे मुख्य काम कण्याचे आहे काय? आठवड्यातील बहुतेक दिवस गुडघे बदलणारा आणि अधूनमधून मणक्याला हात घालणारा, किंवा एरवी मेंदूच्या गाठी काढणारा आणि क्वचित पाठीकडे वळणारा, असे दोघेही आपापल्या क्षेत्रात श्रेष्ठ असू शकतील. कण्यासाठी मात्र कण्यालाच वाहून घेतलेला हात हवा.

तेव्हा संकोच न बाळगता विचारावे. डॉक्टर, आपण कण्याचे वेगळे प्रशिक्षण कोठे घेतले? नेमकी हीच शस्त्रक्रिया वर्षाला किती करता? माझ्या बाबतीत काय बिघडू शकते? शस्त्रक्रिया केलीच नाही तर काय होईल? आपल्याकडे वैद्याला प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा समज आहे. तो सोडला पाहिजे. जाणता शल्यविशारद या प्रश्नांनी रागावत नाही. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतो म्हटल्यावर जो चिडतो, त्याच्यापासून दूर राहिलेलेच बरे.

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. कारण एमआरआयमध्ये जे दिसते ते सारेच दुखत असते असे नाही. २०१५ साली तेहतीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पाठीचे कोणतेही दुखणे नसलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्या होत्या. विशीतल्या सुमारे ३० टक्के, तर ऐंशीच्या घरातील ८४ टक्के लोकांत चकती फुगलेली आढळली! नेदरलँड्समध्ये तीव्र सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांच्या वेदना लवकर शमल्या. पण वर्षअखेरीस दोन्ही गटांची स्थिती जवळपास सारखीच होती. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया करावी लागली, उरलेल्यांना त्या वर्षभरात ती लागली नाही. ‘मेडिक्लेम आहेच, तर उरकून टाकू’ असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे डोळ्यांखालून घालावेत.

संयमाचा हा विचार आपल्या देशातही रुजलेला आहे. मणक्याचा क्षय हा आपल्याकडचा जुना शत्रू. बनारस हिंदू विश्वविद्यालयातील डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ साली त्यावर ‘मध्यम मार्गा’चे निष्कर्ष मांडले. त्यांचे सूत्र असे : आधी औषधे, आणि त्यांना दाद न देणाऱ्या वा गुंतागुंत झालेल्या रुग्णांवरच शस्त्रक्रिया. पाठदुखीसोबत ताप वा वजनातील घट असेल, तर क्षयाची शंका घेतलीच पाहिजे.

मात्र संयम म्हणजे चालढकल नव्हे. लघवी तुंबणे वा तिच्यावरील ताबा जाणे, बैठकीच्या भागाची संवेदना हरपणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही घडल्यास हिशेब तासांचा असतो. अशा वेळी नामांकित तज्ज्ञाची पुढच्या आठवड्यातील वेळ घेत बसू नये. जेथे एमआरआय आणि कण्याची शस्त्रक्रिया तातडीने होऊ शकते, अशा जवळच्या रुग्णालयात जावे. तेथे हजर असलेला कण्याचा अनुभवी शल्यविशारद कोणत्या शाखेचा, हा प्रश्न त्या घटकेला गौण आहे.

रुग्णालयांचीही यात जबाबदारी आहे. दोन विभागांच्या दोन दारांपुढे रुग्णाने ताटकळावे, याऐवजी कण्याचा एकच बाह्यरुग्ण विभाग असावा आणि तेथे दोन्ही शाखांचे तज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञांसह, एकत्र बसावेत. वैद्यकीय महाविद्यालयांनी हे मनावर घेतले तर खेड्यातून आलेल्या रुग्णाची वणवण थांबेल. तोवर कुटुंबाने एवढे ध्यानी ठेवावे : ज्याने शस्त्रक्रिया कशी करावी याबरोबरच ती केव्हा करू नये याचाही अभ्यास केला आहे, त्याच्याच हाती आपला कणा द्यावा.