शेवाळ खाणारा मासा आणि आपला आळस

घरात मासे पाळणाऱ्याला एक ना एक दिवस शेवाळ गाठतेच. काचेवर हिरवा थर चढतो, मासे धुक्यातून पाहिल्यासारखे दिसू लागतात आणि आपण दुकानाची वाट धरतो. मीही धरली. दुकानदाराने दोन इंचांचा काळपट ‘सकर’ पिशवीत घालून दिला. “हा काच लखलखीत ठेवील,” म्हणाला. तो खोटे बोलला नाही. फक्त पुढचे सांगितले नाही.

हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतील नद्यांचा. तो फूट-दीड फूट वाढतो. माझी पेटी दोन फुटांची! मोठेपणी त्याला शेवाळापेक्षा आयत्या खाद्याची गोडी अधिक. विष्ठा मात्र भरपूर, आणि तीच शेवाळाचे खत. ज्याला शेवाळ काढायला आणले, तोच ते पोसू लागला!

मग काय आणावे? ‘ऑटोसिंक्लस’ हा जेमतेम दीड-दोन इंचांचा शांत मासा चांगला. पण तो एकटा राहत नाही, आणि नव्या, शेवाळ न धरलेल्या पेटीत उपाशी मरतो. ‘नेराइट’ गोगलगाय काच उत्तम खरवडते. गोड्या पाण्यात तिची पिल्ले वाढत नाहीत, त्यामुळे पेटीत गर्दी होत नाही. ‘अमानो’ कोळंबी तंतूसारखे शेवाळ खाते. मात्र सोबतीला मोठे मासे असतील तर तेच तिला गिळतात. ‘चायनीज अल्गी ईटर’ लहानपणी गुणी, मोठेपणी भांडखोर. संथ माशांच्या अंगाला चिकटून जखमा करतो.

पण माझे म्हणणे निराळेच आहे. शेवाळ हा रोग नव्हे, लक्षण आहे. पेटीवर ऊन येते, दिवा रात्रंदिवस जळतो, पाहुणा आला की चिमूटभर खाद्य जास्त पडते. दिवा सात-आठ तासच लावावा, खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. एवढे करूनही जे शेवाळ उरेल, तेवढ्यासाठीच जीव आणावा.

माझा सकर फूटभर झाला तेव्हा दुकानदार परत घेईना. आजी म्हणाली, “नदीत सोड रे, पुण्य लागेल.” मी बादली उचललीही होती. पण अशाच सोडलेल्या आणि निसटलेल्या सकरांनी आज आपल्या देशातील कितीतरी तळी आणि जलाशय व्यापले आहेत. त्यांच्या काटेरी कवचाने मच्छीमारांची जाळी फाटतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारीत नाही. माझ्या दयेची किंमत जाळे विणणाऱ्याने का मोजावी?

बादली मी खाली ठेवली. सकर आता गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात आहे, आणि पेटीची काच दर रविवारी मी स्वतः पुसतो. मित्रहो, आपले काम दुसऱ्या जिवावर ढकलण्याआधी तो जीव मोठा होऊन कुठे राहील, एवढे तरी विचारावे.